पाण्याला दोष नव्हता

मास्तर,

तुम्ही गेल्याला आज पंधरावा दिवस. घरातले पावणे सगळे गेले. मलकापूरचा दादाही कालच्या एसटीनं गेला. जाताना म्हणाला, "चल माझ्यासंग. हितं एकटी काय करणार?" मी म्हटलं, "माशाला कोण बघंल?" त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा काचेच्या पेटीकडं. "एका माशापायी राहतीस व्हय?" मी म्हटलं, "व्हय." माझा हट्ट त्याला लहानपणापासनं ठाऊक. त्यानं पिशवी उचलली आणि गेला.

या पंधरा दिवसांत लोक येऊन तुमच्याबद्दल काय काय बोलून गेले. शिस्तीचे होते म्हणे. विज्ञान शिकवावं तर मास्तरांनीच म्हणे. तुमच्या शाळेतल्या एकानं तर तुम्हाला शांत स्वभावाचे म्हटलं. मी पदराआड हसले, अशा वेळी हसू नये तरी हसले. शांत स्वभाव! आमटीत मीठ कमी पडलं तर अर्ध्या शिवाजी पेठेला कळायचं. पण रोज सकाळी नळावर आपण दोघं काय करत होतो, ते मात्र कुणी काढलं नाही. म्हणून म्हटलं आपणच लिहावं. चौथी पास बाईचं लिहिणं आहे, ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नका. लाल शाईची दौत आता माझ्या ताब्यात आहे.

संस्थान मुंबई राज्यात गेलं, त्याच्या पुढच्या वर्षी आपण या दोन खोल्यांत आलो. पुढं तीन-चार वर्षांनी तुम्ही मास्तरांच्या कसल्याशा शिबिराला मुंबईला गेलात आणि येताना पत्र्याचा डबा घेऊन आलात. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली, आत पाण्यात चार सोनेरी मासे. पुण्याला गाडी बदलताना हमालाला हात लावू दिला नाही, सगळी वाट डबा मांडीवर घेऊन बसला होतात. मी बघितलं, म्हटलं चला, बऱ्याच दिवसांनी कालवण होतंय. मसाला वाटायला घेतला. तुम्ही धावत चुलीपाशी आलात. "अगं बाई, खायचे न्हाईत ते. बघायचे मासे हाईत."

"बघायचे मासे? कपाळ माझं! आणि बघून झाल्यावर?"

"बघून झाल्यावर उद्या परत बघायचे."

शेजारच्या आक्का भिंतीपलीकडनं ऐकत होत्याच. त्यांचं आपलं स्वयंपाकघर एका भिंतीचं, तिकडं फोडणी पडली तर इकडं ठसका. त्यांनी तिथनंच ओरडून विचारलं, "मास्तरीणबाई, माशाला पाळण्यात घालून नाव कधी ठेवायचं?" तुम्हाला राग आला. मला नाही आला. लग्नाला बारा वर्षं झाली होती, पाळण्याचं नाव आपल्या घरात कुणी काढत नव्हतं. आक्कांच्या तोंडातनं ते निघून गेलं आणि मला उलट बरं वाटलं. तुम्हाला हे कधी सांगितलं नव्हतं.

मग पाण्याचं सुरू झालं. तुम्ही म्हणालात, नळाच्या पाण्यात औषध घालतात, माणसाला ते बाधत नाही, पण माशाच्या कल्ल्यांना झोंबतं. म्हणून पाणी आधी तपासायचं. आम्ही मलकापूरची माणसं, विहिरीला घागर लावायची आणि प्यायचं, पाण्याची परीक्षा घेतात हे मला नवीनच. सकाळी नळ आला की थोडं पाणी वाहू द्यायचं, मग कान तुटलेला पांढरा कप भरायचा. आधी वास घ्यायचा. तो मी घ्यायची, कारण तुमचं नाक तपकिरीनं कधीच मेलेलं. "काय म्हणतंय?" तुम्ही विचारायचात. "आज जरा उग्र हाय," मी म्हणायची. मग मी आदल्या दिवशीच्या भाताची पेज गाळून आणायची, तिचा चमचाभर कपात आणि वरनं तुमच्या शाळेतल्या बाटलीतल्या औषधाचे चार थेंब. पाण्यात नळाचं औषध असलं की कप निळा व्हायचा. लई असलं तर शाईसारखा.

पहिल्यांदा निळा झाला तेव्हा मी केवढ्यानं ओरडले, आठवतंय? भाताच्या पेजेत एवढं काय असतं हे मला कोण सांगणार! तुम्ही म्हणालात, शाळेतली खळ असली बेस लागत नाही, तुझी पेजच हवी. खोटं असेल. पण त्या दिवसापासनं मी पेज टाकून दिली नाही.

नळाचं पाणी मग रांजणात भरून दोन दिवस उघडं ठेवायचं. औषध उडून जायचं. तिसऱ्या दिवशी परत कप, परत पेज, परत थेंब. कप पांढराच राहिला की पाणी पास. पण तुमचं तेवढ्यावर कुठं भागायचं? विहिरीतनं आणलेला एक गप्पी मासा तुम्ही बरणीत ठेवला होता, नवं पाणी आधी त्याला. तो तासभर नीट राहिला की मगच सोनेरी माशांना. यावरनं आपलं पहिलं खरं भांडण झालं. मी म्हटलं, "त्या गरिबाला विष चाखायला लावता आणि आपल्या लाडक्यांना नंतर पाजता. ह्यो कुठला न्याय?" तुम्ही म्हणालात, "ह्याला प्रयोग म्हणत्यात." मी म्हटलं, "ह्याला दुसऱ्याचं लेकरू पुढं करणं म्हणत्यात." दोन दिवस बोललो नाही. ते भांडण तसंच राहिलं. आजही माझंच बरोबर होतं असं मला वाटतं, आणि तरी त्या गप्पीची आठवण झाली की माझा मला राग येतो. का ते आता सांगते.

त्या साली दसऱ्याच्या आधी माझ्या वडलांनी अंथरूण धरलं. मला धुण्या-सारवण्यातनं उठता येईना, तर तुम्ही म्हणालात मी जाऊन बघून येतो. माझ्या वडलांसाठी तुम्ही दोन दिवस मलकापूरला गेलात. जाताना दारातनं तीनदा सांगितलंत, "रविवारी पेटीतलं तिसरा हिस्सा पाणी काढ. रांजणातलं घाल. आधी कपात बघ, मग गप्पीला दे." मी म्हटलं, "जावा आता, गाडी चुकंल."

आणि मी काय केलं? घरातल्या सगळ्या वाकळा धुवायला काढल्या. शेवटच्या दोन राहिल्या आणि नळ गेला. रांजण समोर भरलेला. म्हटलं, धुणं अर्धं टाकून कसं चालंल, सणाचं घर. रांजण उपसला, तळाला थेंब ठेवला नाही. रविवारी सकाळी पेटीपाशी गेले तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नळाचं ताजं घालावं तर निळं. मग आठवलं, तांब्याच्या मोठ्या हंड्यात दोन दिवसांमागं भरलेलं पाणी आहे. सणासाठी चिंच आणि मीठ लावून हंडा असा घासला होता की त्यात तोंड दिसावं. त्यात पाणी निवांत बसलेलं, नितळ.

मास्तर, मी ते कपात तपासलं नाही. वासही घेतला नाही. तांब्याच्या हंड्यातलं पाणी! देवाला चालतं, पंचपात्रात असतं, आमच्या आईनं आम्हाला तेच पाजून वाढवलं. त्याची काय परीक्षा घ्यायची? आणि गप्पीला म्हटलं, बाबा, आज तुला सुट्टी. आज मास्तर घरात नाहीत. मला वाटलं, रांजणापेक्षा चांगलंच पाणी मिळतंय त्यांना. ओतताना मनातनं बरं वाटत होतं.

दुपारपासनं मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. सोमवारी सकाळी तीन उलटे झालेले. चौथा, फाटक्या शेपटीचा, तेवढा तळाला टेकून होता; तोच पुढं जगला. तुम्ही दुपारी आलात, वडलांना उतार पडलाय हे हसत सांगत आलात. पेटीकडं नजर गेली आणि हातातली पिशवी तिथंच सुटली. मी म्हटलं आता ओरडतील. तुम्ही ओरडला नाही. तिघांना तळहातावर घेतलंत, परसात खड्डा केलात, वर तुळशीची काडी ठेवलीत. मग हात धुतले आणि एवढंच विचारलंत, "रांजणातलंच घातलंस की?"

मी म्हटलं, "व्हय."

एक शब्द. वाकळांचं सांगितलं असतं तर काय झालं असतं? माशांसाठी ठेवलेलं पाणी धुण्यात घालवलं, एवढंच कबूल करायचं होतं. हंड्याचं काही वाईट असेल हे तर तेव्हा मला माहीतच नव्हतं. पण तुमचा तो चेहरा बघितला आणि माझी जीभ उचलली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवसापासनं तुम्ही नळाच्या मागं लागलात. म्हणालात, औषध उडालेलं होतं तरी मेले, म्हणजे पाण्यात काहीतरी नवीन आहे. एका कपाचे तीन कप झाले. बाटलीत साबणाचं पाणी घालून हलवून फेस बघायचा. बशीत पाणी आटवून तळाला काय राहतं ते भिंगातनं बघायचं. लिटमसचे कागद. सगळं वहीत लिहायचं. आणि नळाचं पाणी सोडणारा दत्तोबा त्याची लांब चावी खांद्यावर टाकून गल्लीत आला की त्याला अडवायचं. "काय दत्तोबा, काल काय घातलंय पाण्यात?" तो बिचारा म्हणायचा, "रोजचंच की मास्तर." तुम्ही म्हणायचात, "रोजचंच असतं तर माझं तीन गेलं नसतं." तालमीच्या कट्ट्यावर बसणारी मंडळी तुम्हाला पाणीमास्तर म्हणायला लागली. कुणी रस्त्यात लोटा पुढं करून म्हणायचं, "मास्तर, एवढं बघून द्या, मग पितो." तुम्ही हसण्यावारी न्यायचात. मी दारामागं उभी राहून ऐकायची, आणि घरात येऊन पेज गाळायची.

पुढच्या उन्हाळ्यात पेटीतलं पाणी हिरवं व्हायला लागलं. तुम्ही शाळेतनं एक इंग्रजी पुस्तक आणलंत. मी तांदूळ निवडत होते, तुम्ही खुर्चीत बसून वाचत होता आणि मधनंमधनं मराठीत सांगत होता. "हे बघ, काही लोक पाणी हिरवं झालं की चिमूटभर मोरचूद टाकत्यात. पण माशाला सोसत न्हाई. मोरचुदात तांबं असतंय, आणि तांबं म्हणजे माशाला विष. तांब्याच्या भांड्यातलं पाणीसुद्धा चालत न्हाई, भांडं आंबटानं घासलेलं असलं तर मुळीच न्हाई."

माझा हात सुपात थांबला. चष्म्यावरनं तुम्ही माझ्याकडं बघितलंत. किती वेळ बघितलंत ते मला सांगता येणार नाही, मी मान वर केली नाही. मग तुम्ही पान उलटलंत आणि म्हणालात, "चहा ठेव जरा."

मी चहा ठेवला.  तीन जीव माझ्या हातनं गेले होते, आणि सहा-सात महिने तुम्ही गावाचं हसं सोसून दुसऱ्यालाच चोर ठरवत होता. चहा देताना सांगायचं असं ठरवलं. दिला, आणि सांगितलं काय, तर साखर संपत आलीय. संध्याकाळी हंडा माळ्यावर टाकला. पाण्याला पितळी घागर काढली. तुम्ही हंडा कुठं गेला म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, पुरुषाचं कुठं लक्ष असतं भांड्यांकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही परत तीन कप घेऊन नळावर उभे. "काय म्हणतंय आज?" मी वास घेतला. "रोजचंच हाय," म्हटलं. मला वाटलं, चला, यांच्या काही ध्यानात आलेलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तशी मी दोन वर्षं वावरले. तुम्ही तपकीर ओढत वही लिहायचात, मी तुमच्या बाजूला उभी राहून उद्या सांगू, उद्या सांगू म्हणायची.

शेवटच्या आठवड्यात तुम्हाला खाटेवरनं उठता येत नव्हतं, तर मी कप घेऊन तुमच्यापाशी यायची. तुम्ही मान कलती करून बघायचात. एकदा म्हणालात, "पाण्याचा काही दोष न्हाई गं. कधीच नव्हता." मला वाटलं, तापात बोलताय. मी तुमच्या छातीला तेल लावत होते. म्हटलं, आता सांगते. "ऐकताय का," एवढं बोललेही. तेवढ्यात तुम्हाला खोकल्याची उबळ आली, आक्का गरम पाणी घेऊन धावत आल्या, आणि ते राहिलं. त्यानंतर तुम्ही जागे असताना मी पुष्कळ वेळा खाटेपाशी होते. तेव्हा खोकला नव्हता आणि आक्काही नव्हत्या. तेव्हाही बोलले नाही.

काल दादा गेल्यावर दत्तोबा आला. चावी बाहेर भिंतीला टेकवून उंबऱ्याशी बसला. बराच वेळ टोपी हातात फिरवत होता. मी म्हटलं, "दत्तोबा, मास्तरांनी तुला लई तरास दिला. मनात ठेवू नको."

तो म्हणाला, "न्हाई वैनी, तसलं काय न्हाई. मास्तरांनी दोन वर्सामागंच मला बोलवून च्या पाजला. म्हणालं, दत्तोबा, तुझ्या पाण्याला मी उगाच नावं ठेवली, मला माफ कर. चूक माझ्या घरातली हाय. मी मलकापूरास्नं आलो त्याच दिवशी रांजण कोरडा ठणठणीत बघितला हुता. पर कुठलं पाणी पडलं ते मला कळंना. आता कळलं."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाले?"

"म्हणालं, घरात बोलू नगंस. मनाला लावून घील. मी म्हणलं, मग रोज सकाळी ते कप कशाला मांडता? गाव हसतंय की. तर म्हणालं, हसू दे. त्या निमित्तानं सकाळी दोघं घटकाभर एका जागी उभं ऱ्हातो. न्हाईतर ती चुलीपाशी आणि मी पुस्तकात."

तो गेला. मी तिथंच उंबऱ्यात बसून राहिले. मास्तर, मला आधी रडू आलं नाही. संताप आला. रांजण कोरडा दिसला होता तर तिथल्या तिथं का नाही विचारलंत? आमटीच्या मिठावरनं आकाशपाताळ एक करणारा माणूस तुम्ही, तेव्हाच कुठनं आला हा शहाणपणा? ओरडला असता. मी रडले असते, वाकळा काढून तुमच्यापुढं आपटल्या असत्या. रात्री जेवलो नसतो, सकाळी जेवलो असतो आणि मिटलं असतं. त्याऐवजी दोन वर्षं एका कपावर दोघं वाकून उभे राहिलो आणि दोघांच्या पोटात एकच गोष्ट. मी तुम्हाला भ्याले आणि तुम्ही मला जपलंत. जपायचं होतं तर एकदा हाताला धरून म्हणायचं होतं, माहीत आहे मला, रड आता. ते पुस्तक वाचताना तुम्ही मला संधी दिलीत, होय ना? मी ती चहात बुडवली. आता तुमच्यावर चिडू की माझ्यावर, तेच समजत नाही.

आणि मग दत्तोबाचं ते दुसरं बोलणं आठवतं, दोघं घटकाभर उभं राहतो म्हणालात ते. मला वाटायचं तुम्ही पाण्यासाठी उभे राहताय आणि मी नुसती पेजेची वाटी धरायला. पंधरा वर्षांच्या संसारात तुम्ही मला असलं काही तोंडावर बोलला नाहीत. बोलायचं होतं तर दत्तोबाला बोललात. तुमच्या या एका वाक्यावर मला उरलेले दिवस काढायचे आहेत. पुरेल का ते माहीत नाही. काल पुरलं.

म्हणून आज सकाळी नळ येऊन गेल्यावर दार लोटून घेतलं, तुमच्या रिकाम्या खुर्चीपुढं उभी राहिले आणि मोठ्यानं बोलले, "अहो, त्या दिवशी रांजणातलं न्हवतं. रांजण मी वाकळांना उपसला. हंड्यातलं घातलं, न तपासता घातलं, आणि तुम्हाला खोटं सांगितलं." मी परत बोलले, आणखी मोठ्यानं. तिसऱ्यांदा बोलताना रडू फुटलं.

भिंतीपलीकडनं आक्कांचा आवाज आला, "मास्तरीणबाई, कुणासंग बोलतीस गं?"

मी म्हटलं, "मास्तरांसंग."

आक्कांनी हळूच विचारलं, "ऐकत्यात का?"

"न्हाई आक्का," मी म्हटलं. "आता न्हाई ऐकत."